सांगलीत हँडीवर कोणीच ऐकू येत नाही, मग हॅम रेडिओत चाललंय कुठे काय?

प्रश्न असा आला आहे: "सांगलीत विश्रामबागला चौथ्या मजल्यावर राहतो. हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारीची, रेस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा पास झालो, व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) मिळाला, हौसेने हँडी, म्हणजे हातात धरायचा सेट, घेतला. दोन महिने रोज रात्री जेवण झालं की गॅलरीत उभा राहून १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ स्कॅन करतो. एकही आवाज नाही. पुण्या-मुंबईत म्हणे बरंच काही चालतं. आपल्याकडच्या बातम्या, कार्यक्रम कळतात कुठून? का छंदच संपत आलाय आणि मी उशिरा आलो?"

उशिरा आलेला नाहीत. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. गॅलरीतून काही ऐकू का येत नाही, हा एक. चाललेल्या गोष्टी कधी आणि कुठे चालतात, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आपल्या भूगोलात आणि तुमच्या अँटेनात आहे, दुसऱ्याचं घड्याळात. दोन्हीकडे एकाच वेळी गाठ चुकली की वाटतं, बँड (हॅमचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) मेला. माझं लायसन्स १९९४ चं आहे. घर गावभागात, पोटापाण्याचं काम इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचं. सुरुवातीचे सहा महिने मीही असाच रिकामा बँड ऐकत बसलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हँडी तपासा. मेन्यूत रिसीव्हसाठी टोन (ठरावीक सूर आला तरच स्पीकर उघडणारी सोय) सेट झालेला असेल तर समोरचा शेजारच्या गल्लीतून बोलला तरी तुमचा स्पीकर उघडणार नाही. नवीन सेट मित्राकडून प्रोग्रॅम करून घेतला की हे हमखास होतं. रिसीव्हचा टोन बंद करा, स्क्वेल्च (खरखर गप्प करणारी सोय) शून्यावर आणा, खरखर येऊ द्या. कमजोर आवाज त्या खरखरीतच दडलेला असतो. स्कॅन करताना सेट एकेका फ्रिक्वेन्सीवर क्षणभरच थांबतो, म्हणून दोन-तीन ठरावीक फ्रिक्वेन्सी धरून बसा. आणि सेट लायसन्सवर, रीतसर पावतीने घेतलेला असू द्या. ऑनलाइन वॉकीटॉकी विक्रीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. पावती जपून ठेवा.

आता भूगोल. व्हीएचएफची, म्हणजे तुमच्या १४४-१४६ मेगाहर्ट्झची, लहर जवळपास सरळ रेषेत जाते. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून त्याला चारने गुणलं की साधारण तितक्या किलोमीटरवर रेडिओचं क्षितिज येतं. हातातला सेट जमिनीपासून दीड मीटरवर असेल तर हे क्षितिज पाचेक किलोमीटर. १६ मीटर उंचीच्या गच्चीवर अँटेना चढवला तर १६ किलोमीटर. समोरच्याचं क्षितिज यात मिळवायचं. हा हिशेब मोकळ्या माळाचा झाला. तुमची गॅलरी एकाच दिशेला उघडते, मागे आरसीसीची भिंत, पुढे दुसरी इमारत. शिवाय हँडीबरोबर येणारा रबरी अँटेना खिशात मावावा म्हणून आखूड केलेला असतो. कराड तुमच्यापासून सरळ रेषेत साठेक किलोमीटर, सातारा शंभराच्या पुढे. साताऱ्यात तर शहर अजिंक्यताऱ्याच्या उत्तरेच्या पायथ्याशी, म्हणजे आपल्या दिशेला गडच आडवा. तिथला माणूस घरातून हँडीवर सांगली धरू शकत नाही, यात त्याचा दोष नाही की तुमचा नाही.

पण हेच डोंगर मदतीलाही येतात. मिरजेपलीकडे दंडोबाच्या डोंगरावर हाच हँडी घेऊन गेलात तर फरक कानाला कळेल. पन्हाळा सांगलीपासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर आहे आणि मधलं रान बऱ्यापैकी सपाट आहे. पन्हाळ्यावरून कोणी पाच वॉटवर बोललं तर माझ्या गच्चीवर ते शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं येतं. लायसन्सवर स्टेशनचा पत्ता असतो, त्यामुळे बाहेर जाऊन प्रसारण करण्याआधी त्यातल्या अटी नीट वाचा. ऐकण्याचा सराव मात्र पहिल्याच रविवारी करता येईल.

घरासाठी पहिला खर्च सेटवर करू नका, अँटेनावर करा. पाव तरंगलांबीचा ग्राउंड प्लेन नावाचा अँटेना एका दुपारी होतो. एक एसओ-२३९ सॉकेट, वेल्डिंगच्या दुकानात मिळणाऱ्या ब्रेझिंगच्या पितळी काड्या, एक जीआय पाइप. मधली उभी काडी ४९ सेंटिमीटर, खालच्या चार काड्या दोन-तीन सेंटिमीटर जास्त, आणि त्या ४५ अंशांत खाली वाकवायच्या. वाकवल्यामुळे इम्पीडन्स (अँटेनाचा विद्युत विरोध) सेटला हव्या असलेल्या पन्नास ओहमच्या जवळ येतो. काड्या आधी लांबच ठेवा, मग एसडब्ल्यूआर मीटर (अँटेना सेटशी किती जुळला ते दाखवणारा) बघत दोन-दोन मिलिमीटर कापत या. कापलेलं परत जोडता येत नाही. कोॲक्समध्ये, म्हणजे अँटेनाच्या केबलमध्ये, कंजूषी नको. बारीक आरजी-५८ केबल १५ मीटर टाकली तर १४५ मेगाहर्ट्झवर जवळपास निम्मी ताकद केबलमध्येच जिरते. सोसायटी गच्चीवर पाइप लावू देईल का, हे माणसांवर अवलंबून. मी आधी चेअरमनना गच्चीवर नेतो, हातात सेट देतो, दोन मिनिटं ऐकवतो, मग परवानगी मागतो. अर्थिंग आणि वळवाच्या पावसात केबल काढून ठेवण्याची तयारी, हे दोन्ही न विचारताच सांगून टाका. त्यांची पहिली भीती विजेची असते आणि ती रास्त आहे.

आता घड्याळ. तासगावचा बाजार ज्या वारी भरतो त्या वारी न जाता दुसऱ्याच दिवशी रिकामी पेठ बघून कोणी म्हणेल का, की तासगावात भाजी मिळत नाही? हॅम बँडचं तसंच आहे. लोक ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमतात, त्याला आपण नेट म्हणतो. एक जण कंट्रोलर असतो, तो हजेरी घेतो, ज्याच्याकडे काही सांगायचं असेल त्याला वेळ देतो. कोणाचं स्टेशन नवीन लागलं, कोणता उपग्रह बंद पडला, कुठे परीक्षेच्या तारखा लागल्या, या बातम्या पहिल्यांदा नेटवर कळतात. छापील किंवा मोबाइलवरची बातमी नंतर येते. रात्री दहाला गॅलरीत उभं राहून हे सापडणार नाही, कारण त्या वेळी तिथे कोणी बोलावलेलंच नसतं.

आणि यातला मोठा भाग व्हीएचएफवर नाही. तो ४० मीटर तरंगलांबीच्या बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झवर आहे. रेस्ट्रिक्टेड ग्रेडवाल्यालाही हा बँड मिळतो, फक्त ताकदीची मर्यादा पाळायची. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ ऐका. पुणे, बेळगाव, गोवा, हैदराबाद, बंगळूर अशी आपल्या भोवतीची स्टेशनं याच वेळी स्वच्छ येतात. शंभर ते पाच-सहाशे किलोमीटरच्या या पट्ट्यात लहर वर जाते, आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून) वळून खाली येते, मधला सह्याद्री तिला अडवत नाही. दुपारी आयनांबराचा खालचा डी थर लहर शोषतो, बँड बसतो. संध्याकाळनंतर दूरचे देश येतात आणि जवळचे विरळ होतात. यासाठी अँटेना फार उंच लागत नाही. वीस मीटर तार मधोमध तोडून केलेला डायपोल, मध्य आठ-दहा मीटरवर, दोन्ही टोकं गच्चीच्या कोपऱ्यांकडे उतरती. खालून बघणाऱ्याला तो कपडे वाळत घालायच्या तारेसारखा दिसतो, सोसायटीत कोणी मान वर करत नाही.

एचएफ सेट, म्हणजे ४० मीटरसारख्या बँडचा सेट, महाग आहे, हे खरं. म्हणून आधी फक्त ऐका. एखादा साधा एसडीआर रिसीव्हर (बरंचसं काम सॉफ्टवेअरने करणारा) लॅपटॉपला लावून सुरुवात करता येते. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून चालवायचा रिसीव्हर, कोणीही फुकट ऐकू शकतो. तिथे बसून युरोपचा ४० मीटर कसा गजबजतो ते कळतं. तिथला आवाज आपल्या अँटेनाचा नसतो, म्हणून त्यावर समाधान मानू नका.

शहरात एचएफ ऐकायला बसलात की गोंगाट ही अडचण येणारच. माझा अनुभव सांगतो. एका दिवाळीनंतर ४० मीटरवर संध्याकाळी सहा वाजले की सेटवरच्या सिग्नल मीटरचा काटा एस-९ वर जाऊन बसायचा, पहाटे पाचला तोच काटा एस-३ वर. आठवडाभर मी अँटेनाला दोष देत होतो. कनेक्टर उघडले, परत सोल्डर केले. मग एके संध्याकाळी सेट बारा व्होल्टच्या बॅटरीवर घेतला आणि घराचं मेन बंद केलं. गोंगाट तसाच. म्हणजे दोषी माझ्या घरात नव्हता. खिशातला मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर घेतला, आकाशवाणी सांगलीच्या शेजारी रिकाम्या जागी लावला आणि जिना उतरायला लागलो. पहिल्या मजल्यावर घरघर वाढली, बोळात आणखी वाढली, आणि शेजारच्या वाड्याच्या दारातल्या एलईडी बल्बखाली ट्रान्झिस्टर नुसता किंचाळत होता. दारावरच्या काकूंना विचारून बल्ब काढला, जिन्यात उभा राहून ऐकलं, शांत. चांगल्या ड्रायव्हरचा दुसरा बल्ब मी आणून लावला. काकू म्हणाल्या, "एवढ्यासाठी आठवडाभर झोपला नाहीस होय रे?" त्या रात्री विशाखापट्टणमचं एक स्टेशन मला पहिल्यांदा धड ऐकू आलं. तुमच्याकडे हा त्रास होईल तेव्हा हाच क्रम धरा: मेन बंद, बॅटरीवर सेट, मग ट्रान्झिस्टर घेऊन जिना. सोलरचे इन्व्हर्टर आणि स्वस्त मोबाइल चार्जर यांच्यावर पहिला संशय घ्या.

एचएफ जमेपर्यंत हातातल्या हँडीचं काय, तर त्याला आकाशाकडे वळवा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण ४०० किलोमीटरवरून जातं, दीड तासात पृथ्वीभोवती फेरी मारतं, आणि चांगल्या फेरीत दहाएक मिनिटं आपल्याला दिसतं. एवढ्या उंचीवरच्या स्टेशनला डोंगर कुठला आडवा येणार? १४५.८०० मेगाहर्ट्झवर त्याचा आवाज येतो. कधी अंतराळवीर शाळांशी बोलतात. २०२५ च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला तिथे होते, तेव्हा ते भारतातल्या विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवरून बोलले. मात्र रोज कोणी बोलत नाही, म्हणून ट्रॅकिंग ॲपवर फेरीची वेळ आणि काय चालू आहे हे आधी बघा. तिथला रिपीटर (आलेला आवाज पुन्हा प्रसारित करणारा सेट) चालू असेल तर तो खाली ४३७.८०० वर ऐकू येतो. स्थानक जवळ येताना सेट दहा किलोहर्ट्झ वर ठेवा आणि ते लांब जाईल तसं खाली आणत जा. वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकते, हा डॉप्लर परिणाम पुस्तकात वाचलेला असतो, इथे तो अंगठ्याने जाणवतो. अँटेना स्थानकाकडे रोखू नका. तो आडवा तिरका धरा, कारण दांड्याच्या टोकाकडून सिग्नल सगळ्यात कमी येतो.

कधीकधी तिथून चित्रं पाठवतात, एसएसटीव्ही म्हणतात त्याला. एका फेरीला आमच्या गच्चीवर गल्लीतली सहा मुलं होती. हँडीच्या स्पीकरपाशी मोबाइल धरला, ॲप चालू. वायव्येकडून चिवचिवाट सुरू झाला आणि पडद्यावर वरून खाली, एकेक ओळ करत चित्र उतरायला लागलं. एका चित्राला दोन मिनिटं लागतात. मध्ये एक मुलगा खोकला, तर त्या ओळीवर पांढरा ओरखडा उठला. मुलांना ते इतकं आवडलं की पुढच्या चित्राला सगळ्यांनी तोंडावर हात धरले होते. ते दुसरं चित्र पूर्ण, स्वच्छ आलं. त्यातली एक मुलगी आता बारा वर्षांची झाली आहे. लायसन्ससाठी तेवढंच वय लागतं, आणि ती सध्या परीक्षेचा अभ्यास करतेय.

जुनी डिश पडून असेल तर आणखी एक करता येईल. क्यूओ-१०० हा भूस्थिर उपग्रह २६ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि त्यावर हॅमसाठी ट्रान्सपाँडर (आलेला सिग्नल परत खाली पाठवणारं उपकरण) आहे. घरोघरच्या डिश आग्नेयेकडे तोंड करून असतात. ही मात्र सांगलीतून पश्चिमेला, थोडी दक्षिणेकडे झुकवून, क्षितिजापासून साधारण ३२ अंश वर रोखावी लागते. साध्या एलएनबीतून (डिशच्या तोंडाशी असते ती डबी) सिग्नल ७३९.५ ते ७४० मेगाहर्ट्झच्या दरम्यान एसडीआरवर दिसतो. एलएनबीला १३ व्होल्ट द्या, कारण लहरीचं पोलरायझेशन उभं आहे. ऐकण्यापुरतं हे स्वस्त आहे, आणि तो चोवीस तास तिथेच असल्यामुळे फेरीची वाट बघावी लागत नाही.

वर्षाचं वेळापत्रक म्हणाल तर ते मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहून ठेवतो. १८ एप्रिल हा जागतिक हौशी रेडिओ दिन. १९२५ मध्ये त्याच तारखेला पॅरिसला आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, २०२५ ला तिला शंभर वर्षं झाली. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात स्काउट-गाइडच्या मुलांची जांबोरी ऑन द एअर, त्या वेळी जवळच्या शाळेत सेट घेऊन जावं. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी सीक्यू वर्ल्ड वाइड स्पर्धा, आवाजाची. नोव्हेंबरमध्ये तीच मोर्सची. स्पर्धेचे तास यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, दिलेले असतात. शनिवार शून्य तास म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. पहिल्या वर्षी मी शुक्रवारी मध्यरात्री बसलो आणि साडेपाच तास वाट बघत राहिलो. तिथे सिग्नल रिपोर्टनंतर झोन (स्पर्धेसाठी जगाचे पाडलेले विभाग) सांगतात, भारताचा झोन २२. म्हणजे "फाइव्ह नाइन, ट्वेंटी-टू" एवढं बोलता आलं की तुम्ही स्पर्धेत उतरू शकता, बाकी इंग्रजीची धास्ती नको. हॅमफेस्ट, म्हणजे हॅम लोकांचा मेळावा, दरवर्षी वेगळ्या गावी भरतं, त्याची तारीख आणि जागा नेटवर कळते. देशपातळीवर अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया आणि हैदराबादची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ, या दोन संस्थांकडे लक्ष ठेवलं तरी मोठ्या घडामोडी निसटत नाहीत.

आत्ताची वेळ नवीन माणसाला चांगली आहे, हेही सांगतो. सौर डागांचं २५ वं चक्र कळसाला आल्याचं नासा आणि नोआ या अमेरिकी संस्थांनी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं. उतार हळूहळू होतो, तोवर १०, १५ आणि २० मीटरवर कमी ताकदीतही लांबचं बोलणं होतं. बोलायला संकोच वाटत असेल तर एफटी८ आहे, संगणकाने छोटे संदेश पाठवायची पद्धत. नोबेल मिळवलेले खगोलशास्त्रज्ञ जो टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके यांनी तो २०१७ मध्ये आणला. १४.०७४ मेगाहर्ट्झवर १५-१५ सेकंदांच्या पाळीत संदेश जातात, फक्त लॅपटॉपचं घड्याळ सेकंदाला सेकंद बरोबर हवं. मला स्वतःला माणसाचा आवाज ऐकायला आवडतो, पण चौथ्या मजल्यावरच्या गोंगाटात एफटी८ तुम्हाला पहिला परदेशी संपर्क लवकर देईल.

थोडक्यात, इथपर्यंतचा क्रम असा: हँडीचा टोन बंद, गच्चीवर ग्राउंड प्लेन, सकाळी ४० मीटर ऐकणं, आठवड्यातून एक-दोन अवकाश फेऱ्या. नवीन सेट त्यानंतर.

आता सांगलीबद्दल एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे. माझं स्टेशन वरच्या मजल्यावर होतं, बॅटऱ्या मात्र तळघरात, कारण त्या जड असतात. पाणी शिरलं तेव्हा पहिल्या त्याच गेल्या. हातात एक हँडी राहिला. गावात लायसन्स असलेले आम्ही चौघे होतो आणि दीड दिवस एकमेकांना सापडलो नाही. एकाचा सेट डिस्चार्ज, एक दुसऱ्याच फ्रिक्वेन्सीवर हाका मारतोय, एकाने अँटेना उतरवून ठेवलेला. उपकरणं प्रत्येकाकडे होती. कुठे आणि कधी भेटायचं हे कोणी ठरवलं नव्हतं. २००४ च्या डिसेंबरमध्ये भारती प्रसाद यांचा चमू हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होता, २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्यांच्या स्टेशनवरून अंदमानचे निरोप बाहेर गेले. तो चमू रोज बँडवर होता, ऐकणारे रोज ऐकत होते, म्हणून ते जमलं.

तेव्हापासून जून ते सप्टेंबर दर रविवारी रात्री साडेआठला आम्ही सिम्प्लेक्सवर, म्हणजे सेटवरून थेट सेटवर, हजेरी घेतो, रिपीटरशिवाय. अट एकच, सेट बॅटरीवर. दहा मिनिटांत संपतं. सरावाचे निरोप खरे असतात: आयर्विनची पातळी फूट-इंचांत, कोयनेतून विसर्ग किती, कोणाकडे बॅटरी किती व्होल्टवर. आकडे एकेक सुटे सांगायचे, समोरच्याने ते परत वाचून दाखवायचे. एकदा "तीस" आणि "तेहतीस" यांत गडबड झाली, तेव्हापासून "तीन, तीन" असंच म्हणतो. सात-आठ स्टेशनं येतात, एक पलूसहून, एक कधीकधी दंडोबाच्या पायथ्याहून. विश्रामबाग उंचावर आहे, पाणी तिथवर येत नाही. त्या भागात आमचं एकही स्टेशन नाही, आणि पूर आला की नदीकाठची माणसं तिकडेच जातात. तुमच्या चौथ्या मजल्यावरच्या ग्राउंड प्लेनची आम्हाला गरज आहे.

म्हणून एवढं कळवा: गच्ची जमिनीपासून किती उंच, तिथून सेटपर्यंत केबल किती मीटर लागेल, आणि पश्चिमेला मोकळं आहे की इमारत आहे. त्यावरून कोणती कोॲक्स घ्यायची ते सांगतो. ब्रेझिंगच्या काड्या माझ्याकडे उरलेल्या आहेत, त्या विकत घेऊ नका.